तीन तास पुढे

१

आन्सेल्मो इरिबार्ने सोमवारी, अकरा फेब्रुवारीला, दुपारी चार ते पाचच्या दरम्यान गेला. त्याच्या कॉम्प्युटरमधलं शेवटचं पत्र त्याच संध्याकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी लिहिलेलं होतं.

पहिली वेळ डॉक्टरांच्या दाखल्यावर होती, दुसरी पोलिसांच्या पंचनाम्यात. दोन्हींखाली सही-शिक्का होता.

आन्सेल्मो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. लेचुसा गावाचा तो शेवटचा स्टेशनमास्तर. गाडी बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, रुळांमध्ये सूर्यफुलं उगवली, तरी तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. मी ज्या दैनिकात काम करतो तिथे महिन्यातून एकदा त्याचा फोन यायचा. आम्ही छापलेली सूर्यास्ताची वेळ दोन मिनिटांनी चुकली आहे, असं तो सांगायचा. चूक दर वेळी आमचीच निघायची.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. वाद पत्राबद्दल होता. पत्र असं:

‘ओरासिओ, चूक तुझी नव्हती. हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. सांगायला सात वर्षं लागली. तुझी गाडी दर वर्षी समोर येऊन थांबते, ती मी पाहतो. या वर्षी दार उघडं असेल. आत ये. — म्हातारा’

आन्सेल्मोला तीन मुलं. नेलिदा सगळ्यात मोठी, मग ओरासिओ, मग दारिओ. सात वर्षांपूर्वी याच तारखेला ओरासिओ गाडी चालवत होता आणि दारिओ शेजारी बसला होता. पुढे मक्याचा ट्रक होता. कच्च्या रस्त्यावर त्याने उडवलेल्या धुळीत ओढ्यावरचा पूल दिसला नाही. दारिओ सव्वीस वर्षांचा होता. त्या दिवसापासून बाप ओरासिओशी एक शब्द बोलला नव्हता, आणि दारिओचं नाव त्या घरात कुणी काढायचं नाही, असं ठरून गेलं होतं.

सोमवारी सहा पस्तीसला ओरासिओची निळी गाडी बापाच्या घरासमोर थांबलेली शेजारणीने पाहिली. तो आत गेला. पोलिसांना त्याचा फोन आला साडेसातला.

मधल्या पंचावन्न मिनिटांत त्याने काय केलं, हे त्याने सांगितलं नाही. फौजदार ओलासाबाल यांनी मग ते स्वतःच सांगितलं. “मेलेल्या बापाशेजारी बसून पठ्ठ्याने स्वतःच स्वतःला माफ केलं,” ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी बेकरीच्या रांगेत सगळं गाव हेच वाक्य बोलत होतं.

२

सुलेमा आरिएता या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाई. वय सत्तावन्न, चष्मा दोरीला बांधलेला. मुलांना सरकारकडून मिळालेले कॉम्प्युटर बिघडले की दुरुस्त करणं हे त्यांचं काम. आमच्याकडे फेब्रुवारीत भर उन्हाळा असतो; शाळेला सुट्टी चालू होती म्हणून फौजदारांनी त्यांना बुधवारी सकाळी ठाण्यात बोलावलं. काम सोपं होतं. पत्राची वेळ खरी आहे, एवढं लिहून सही करायची. सरकारी वकील गुरुवारी जिल्ह्याहून येणार होते.

“चहा घेणार की माते?” फौजदारांनी विचारलं. माते म्हणजे आमच्याकडचा कडवट पाल्याचा काढा.

“आधी यंत्र,” बाई म्हणाल्या.

आन्सेल्मोचा कॉम्प्युटर ठाण्यात आणून ठेवला होता; बाईंनी त्याचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. वर लिहिलं होतं ‘म्हातारा’, खाली ‘दारिओ’. कोपऱ्यात आकडे उतरत होते: दहा, नऊ, आठ.

“हे काय?” मी विचारलं. दैनिकाच्या बातमीसाठी मीही ठाण्यात आलो होतो.

“एका यंत्रात दोन ऑपरेटिंग सिस्टिम बसवल्या आहेत. वर विंडोज, खाली लिनक्स. सुरू करताना विचारतं, कुठल्या दाराने जायचं. दहा सेकंद वाट बघतं. काही दाबलं नाही तर आपोआप वरच्या दाराने जातं.”

“ते खालचं धाकट्याचं खेळणं,” फौजदार म्हणाले. “त्यानेच हे सगळं बसवलं होतं. मेल्यावर कोण जातंय तिकडे. म्हाताऱ्याला तर नावसुद्धा चालत नव्हतं.”

आकडे शून्यावर आले आणि विंडोज उघडलं. बाईंनी कोपऱ्यातली वेळ पाहिली, मग मनगटावरची. दोन्हीकडे दहा वाजून बारा मिनिटं. मग पत्राची फाइल पाहिली. सोमवार, अठरा बावन्न.

“बरोबर आहे ना?” फौजदारांनी कागद पुढे सरकवला.

बाईंनी कागद वाचला आणि सही न करता परत ठेवला. “त्याच्याशी बोलू द्या आधी.”

खोटं पत्र रचल्याच्या संशयावरून ओरासिओला फौजदारांनी ठेवून घेतलं होतं; तो मागच्या खोलीत बाकावर बसला होता. चव्वेचाळीस वर्षांचा दणकट माणूस, धान्याच्या कोठारावर काम करणारा. दोन दिवसांत दाढी पांढरी दिसायला लागली होती.

“तू लिहिलंस का?” बाईंनी विचारलं. ओरासिओ शाळेत त्यांच्याकडेच टंकलेखन शिकला होता.

“नाही बाई.”

“मग कुणी?”

“आत गेलो तेव्हा पत्र पडद्यावर होतं. मी वाचलं. मला वाटलं म्हाताऱ्यानेच लिहिलंय.” त्याने दारातल्या फौजदारांकडे बोट दाखवलं. “आता हे म्हणतात पावणेसातनंतर लिहिलं. मग ते म्हाताऱ्याने लिहिलं नाही. नेलीने लिहिलं असेल. माझी दया येऊन.”

“पडद्याच्या कोपऱ्यात किती वाजले होते?”

“कोपरा कोण बघतंय, बाई. मी पत्र बघत होतो.”

“पंचावन्न मिनिटं?” दारातून फौजदारांनी विचारलं. “की मध्ये पत्तेही खेळलास?”

ओरासिओने मान खाली घातली. फौजदार गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, “मला सोडवू नका, बाई. ठेवू देत आत. एवढंच सांगा, ते त्यांनी लिहिलं का?”

३

नेलिदाच्या स्वयंपाकघरात टेबलावर एक प्लास्टिकचा डबा होता. त्यात तळलेल्या मांसाच्या चार पातळ चकत्या होत्या, सोमवारच्या. ती फेकत नव्हती.

“मी नाही लिहिलं,” ती म्हणाली. “मी कशाला लिहीन? त्याला असं वाटतंय? मी त्याला सात वर्षं जेवायला घातलं, बाई, बाबांच्या चोरून. पण खोटं पत्र नाही लिहिणार.”

“सोमवारी तू कुठे होतीस?”

“साडेतीनला त्यांच्या फाटकाशी. हा डबा घेऊन. ती तारीख. मला वाटलं, आज एकटे नकोत.” तिने माते ओतलं आणि पेला बाईंच्या हातात दिला. “दोनदा टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा जोरात. दार बंद. कुणी आलं नाही.”

आमच्याकडे फाटकांना घंटी नसते. उभं राहून टाळ्या वाजवायच्या, घरात कुणी असेल तर येतं.

“हाक मारली नाहीस?”

“वामकुक्षीच्या वेळेला? झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोण उठवतं? आम्हाला लहानपणी मार मिळायचा त्यावरून.” ती डब्याच्या झाकणाकडे बघत होती. “खरं सांगू? मला रागच आला. वाटलं, जागे आहेत आणि मुद्दाम येत नाहीयेत. न सांगता गेलेलं त्यांना आवडतही होतं आणि नव्हतंही. म्हणायचे, ‘वेळापत्रकात नसलेल्या गाडीला उशीर होत नसतो, पण फलाटही मिळत नसतो.’ मी डबा घेऊन परत आले.”

“ओरासिओ दर वर्षी समोर येऊन थांबतो, हे तुला माहीत होतं?”

“नाही. पत्रातच वाचलं. आणि म्हणूनच सांगते, ते त्यानेच लिहिलंय. त्याच्याशिवाय कुणाला माहीत होतं? बाबांना माहीत असतं तर सात वर्षांत एकदा तरी तोंडातून निघालं असतं.” तिने सरळ तळहाताने डोळे पुसले. “ते गेले तेव्हा त्यांच्या गळ्यात हेडफोन होते, म्हणे. रेडिओ ऐकत असतील. म्हणून टाळ्या ऐकू आल्या नसतील. तसं असेल तर मला जरा बरं वाटेल.”

बाईंनी पेला खाली ठेवला. “रेडिओ कुठे असतो त्यांचा?”

“स्वयंपाकघरात,” नेलिदा म्हणाली.

आन्सेल्मो सापडला तो पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर. हेडफोनची वायर तीन हातांची.

४

शेजारीण फिलोमेना काकूंकडे घराची दुसरी किल्ली होती. त्यांनीच आम्हाला दार उघडून दिलं आणि न बोलावता मागोमाग आत आल्या.

“साडेचारला मी झोपून उठले, कुंड्यांना पाणी घालायला बाहेर आले. तेव्हा हे दार सताड उघडं होतं,” त्या म्हणाल्या. “उन्हाळ्यात, एवढ्या उन्हात. मला वाटलं वारा घेतायत. माणूस एवढा टापटिपीचा, माशी आत आली तर तिला वेळ विचारतील.”

“आत डोकावला नाहीत?”

“कुणाच्या उघड्या दारात डोकवायला मी काय पोलीस आहे?” मग सहा पस्तीसची निळी गाडी त्यांनी अगदी नंबरासकट सांगितली.

भिंतीवर स्टेशनचं जुनं घड्याळ होतं, चावीचं, पितळी लंबकाचं. टेबलावर एक जाड वही. वही रेल्वेची होती. उभे रकाने छापलेले: तारीख, आगमन, प्रस्थान, उशीर, शेरा. फौजदारांनी ती चाळून तिथेच सोडली होती. म्हातारा बंद पडलेल्या गाड्यांच्या नोंदी लिहायचा, डोकं ठिकाणावर नव्हतं, असं पंचनाम्यात एका ओळीत होतं.

बाईंनी वही उघडली. आगमन, प्रस्थान, उशीर हे रकाने पानोपानी रिकामे होते. शेऱ्याच्या रकान्यात मात्र रोज एकच वाक्य, बारीक, सरळ अक्षरात:

‘१५:४४. घड्याळ तीन तास पुढे. बरोबर केलं.’

‘१५:५१. घड्याळ तीन तास पुढे. बरोबर केलं.’

‘१५:४०. घड्याळ तीन तास पुढे. बरोबर केलं.’

वहीच्या पहिल्या पानावर तारीख होती दोन हजार बाराच्या मार्चची.

“ते घड्याळ वेडंच आहे,” फिलोमेना काकू भिंतीकडे हनुवटी करून म्हणाल्या. “मला सांगायचे ना. ‘फिलोमेना, आज परत तीन तास पळालं.’ मी म्हणायचे, टाकून द्या ते. तर म्हणायचे, ‘घड्याळ टाकत नाहीत. घड्याळाला समजावून परत आणतात.’”

बाईंनी भिंतीवरचं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दोन दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. ते चाळीस सेकंद मागे होतं.

“काकू, हे घड्याळ पळत नाही,” त्या म्हणाल्या.

“मग कोणतं पळतं?”

घरात दुसरं घड्याळ नव्हतं. मी तिन्ही खोल्या पाहिल्या.

५

बुधवारी दुपारी ठाण्यात पंखा बंद होता आणि फौजदार वैतागलेले होते. बाईंनी म्हाताऱ्याचे हेडफोन यंत्राला लावले, विंडोजमध्ये एक गाणं सुरू केलं आणि हेडफोन माझ्या कानाला लावले. काही ऐकू आलं नाही.

“या बाजूला आवाज बसवलेलाच नाही,” त्या म्हणाल्या. “कधीच नव्हता. मग म्हातारा हेडफोन घालून काय ऐकत होता?”

“बाई, सही करा ना,” फौजदार म्हणाले. “एका हेडफोनवरून तुम्ही खटला उभा कराल. हे यंत्रच भंगार आहे. मंगळवारी सकाळी मी पहिल्यांदा सुरू केलं तर वेळसुद्धा चुकीची. मीच नीट केली.”

बाई खुर्चीत हळूच मागे रेलल्या. चष्मा काढला.

“काय चुकीची होती?”

“नऊ वाजले होते, हे दाखवत होतं बारा. बॅटरी गेली असेल.”

“आणि हे तुम्ही पंचनाम्यात लिहिलं नाही.”

“घड्याळ लावलं हे कुणी पंचनाम्यात लिहितं का?”

“आन्सेल्मो लिहायचा,” बाई म्हणाल्या. “रोज.”

त्यांनी वही टेबलावर ठेवली.

“फौजदार साहेब, बॅटरी गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, यंत्र बनलं त्या सालापर्यंत. बरोबर तीन तास पुढे जात नाही. तीन तास पुढे जायला एकच कारण आहे, आणि ते मला सकाळीच सुचायला हवं होतं. पण तुम्ही वेळ लावून ठेवली होती, म्हणून मला ती बरोबर दिसली.”

“सरळ सांगा.”

“यंत्राच्या पोटात एक छोटं घड्याळ असतं. यंत्र बंद केलं तरी ते चालतं. विंडोज मानते की त्यात गावची वेळ आहे. लिनक्स मानते की त्यात ग्रीनिचची वेळ असली पाहिजे. म्हणून ती इंटरनेटवरून खरी वेळ घेते आणि पोटातलं घड्याळ ग्रीनिचला लावून टाकते. आपण ग्रीनिचच्या किती मागे आहोत?”

“तीन तास,” मी म्हणालो.

“मग तुम्ही पुन्हा विंडोजमध्ये आलात की ती ग्रीनिचची वेळ वाचते आणि गावची म्हणून दाखवते. तीन तास पुढे. ती स्वतःहून वेळ तपासते आठवड्यातून एखाद्या वेळेस. तोवर घड्याळ तसंच राहतं, कुणीतरी हाताने लावेपर्यंत.” त्यांनी वहीवर बोट ठेवलं. “हे वाक्य भिंतीवरच्या घड्याळाबद्दल नाही. कॉम्प्युटरच्या घड्याळाबद्दल आहे. आणि हे घड्याळ पळण्यासाठी रोज कुणीतरी दारिओच्या दाराने आत जावं लागतं.”

फौजदारांनी यंत्राकडे पाहिलं.

“चुकून जाता येत नाही,” बाई पुढे म्हणाल्या. “हात न लावता थांबलं तर यंत्र वरच्याच दाराने जातं. दहा सेकंदांच्या आत खालचा बाण दाबावा लागतो. त्याने तो रोज दाबला. थोडा वेळ तिथे बसायचा, परत यायचा, घड्याळ बरोबर करायचा आणि वहीत लिहायचा. स्टेशनमास्तर होता तो. चुकलेलं घड्याळ न लिहिता सोडलं नसतं त्याने.”

“आणि सोमवारी?” फौजदारांचा आवाज खाली आला होता.

“सोमवारची ओळ बघा. घड्याळाची नोंद नाही. म्हणजे त्या दिवशी परत आला आणि आधी पत्र लिहिलं. घड्याळ लावायचं राहून गेलं. तीन तास पुढच्या घड्याळाने त्यावर अठरा बावन्न लावलं. खरी वेळ पंधरा बावन्न. चारला आठ मिनिटं कमी. म्हातारा जिवंत होता.”

“हा तर्क आहे. सरकारी वकिलांना पुरावा लागेल.”

बाईंनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. दोन ओळी आल्या. दहा, नऊ. त्यांनी खालचा बाण दाबला.

दारिओच्या बाजूला पासवर्ड नव्हता. बाईंनी कधी कोण आलं-गेलं याची यादी काढली. शेवटची नोंद सोमवार, अकरा फेब्रुवारी. आत तीन वाजून पाच मिनिटांनी, बाहेर तीन एकेचाळीसला. आधीची रविवारची. तिच्या आधीची शनिवारची. यादी पडद्याखाली उतरत राहिली.

“साडेतीनला नेलिदा टाळ्या वाजवत होती,” मी म्हणालो.

“हो,” बाई म्हणाल्या. “हे तिला मी सांगेन. तुम्ही छापू नका तोवर.”

फौजदारांनी वही ओढून घेतली आणि यावेळी नीट वाचली. मग एका पानावर थांबले. “हे काय? मी म्हणत होतो जुन्या गाड्या.”

दोन हजार तेरा, अकरा फेब्रुवारी. आगमन: १८:३५. प्रस्थान: १९:१०. उशीर: रेघ. शेरा: ‘निळी गाडी. उतरला नाही.’

दोन हजार चौदा, अकरा फेब्रुवारी. आगमन: १८:३५. प्रस्थान: १९:०५. ‘उतरला नाही.’

अशा सहा नोंदी होत्या. वर्षाला एक. सहावी अशी: ‘उतरला. फाटकापर्यंत आला. परत गेला.’

आणि सोमवारची ओळ. तारखेपुढे सगळे रकाने रिकामे, शेऱ्यात, येणाऱ्या गाडीला मार्ग मोकळा असल्याचं स्टेशनमास्तर कळवतो ते दोन शब्द:

‘लाइन क्लिअर.’

६

सरकारी वकिलांनी गुरुवारी अर्ध्या तासात कागद मिटवले. ओरासिओ दुपारी सुटला. बाईंनी यंत्र आपल्या गाडीतून त्याच्या बापाच्या घरी आणलं आणि होतं तिथे ठेवलं. नेलिदा आधीच आली होती. तिला बाईंनी सकाळी सांगितलं होतं. ती खिडकीशी उभी होती आणि फाटकाकडे बघत होती.

“जागे होते,” ती म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे.

“हेडफोन होते त्यांच्या कानांवर, नेली,” बाई म्हणाल्या.

“मी चौथ्यांदा टाळ्या वाजवायला हव्या होत्या.”

फौजदार ओलासाबाल दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. ते माफी मागायला आले होते आणि कसं मागायचं ते त्यांना येत नव्हतं. शेवटी म्हणाले, “पण पंचावन्न मिनिटं रे. एवढं सांगितलं असतंस तर मी तुला आत बसवलंच नसतं.”

ओरासिओ बापाच्या खुर्चीच्या बाजूच्या स्टुलावर बसला. तिथेच तो सोमवारी बसला असावा.

“दार उघडं होतं,” तो म्हणाला. “आत आलो. म्हातारा खुर्चीत, मान अशी कलंडलेली. पडद्यावर पत्र. मी वाचलं. मला वाटलं माझी वाट बघता बघता डोळा लागला. आमच्या घरात झोपलेल्या माणसाला उठवत नाहीत. मी बसलो. म्हटलं, उठतील. उठले की मी समोर दिसेन. काय बोलायचं ते जुळवत होतो.” त्याने हाताचे तळवे मांडीवर पुसले. “बराच वेळ चांगला गेला, साहेब. सात वर्षांत तेवढाच चांगला गेला. मग माशी बसली त्यांच्या ओठावर आणि ते हलले नाहीत.”

फौजदार बाहेर जाऊन ओट्यावर उभे राहिले.

बाईंनी हेडफोनची वायर काढली आणि दारिओच्या बाजूला असलेली एकुलती एक आवाजाची फाइल लावली. तिचं नाव होतं ‘म्हाताऱ्याची शिकवणी’. म्हातारा रोज हीच ऐकत होता, हे त्या बाजूच्या नोंदींतून दिसलं होतं.

खोलीत दारिओचा आवाज आला.

“उंदराला एवढं दाबू नकोस, म्हाताऱ्या. पळून नाही जाणार तो.”

“मी दाबत नाहीये.”

“दाबतोयस. बोटं पांढरी झालीत तुझी.”

मागून तिसरा माणूस हसला. “दारिओ, त्याला सिग्नल लावून दे,” तो म्हणाला. “हिरवा झाला की चालू लागेल.”

ओरासिओने मान वर केली. तो त्याचाच आवाज होता.

पंचवीस मिनिटांची शिकवणी होती. बाप कुरकुरत होता, दारिओ समजावत होता, ओरासिओ मधूनमधून टोमणे मारत होता आणि एकदा बापही हसला. शेवटी दारिओ म्हणाला:

“आता बंद करून पुन्हा सुरू कर. दोन ओळी येतील. कशालाही हात लावू नकोस. दहा सेकंद थांब, आपोआप तुझ्या घरी पोचशील. खाली जाऊ नकोस. खाली मी राहतो.”

फाइल संपली. नेलिदा खिडकीपासून हलली नव्हती.

ओरासिओने माझ्याकडे पेन मागितलं. त्याने वही मांडीवर घेतली, सोमवारच्या ओळीवर आला आणि आगमनाच्या रकान्यात लिहिलं: १८:३५. मग पेन उशिराच्या रकान्यावर थांबलं.

“रेघ मार,” नेलिदा म्हणाली. “बाबा रेघच मारायचे. वेळापत्रकात नसलेल्या गाडीला उशीर होत नसतो.”

“या वेळी गाडी वेळापत्रकात होती ना,” ओरासिओ म्हणाला. “या वेळी लाइन क्लिअर होती.”

त्याने तो रकाना भरला नाही. पेन परत करून तो उठला आणि त्याने दार लावून घेतलं.